अनंताची कुंडी आणि माझी इतर मिळकत

लिहून ठेवणार : श्रीमती दया कृपादान भिंगारदिवे, वय ६७, धंदा शिवणकाम (आता डोळे देतील तेवढेच), राहणार सावेडी, अहमदनगर.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या दडपणाखाली किंवा रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, पण बेताचा आहे. बुद्धी शाबूत आहे; सुईत दोरा अजून मीच ओवते. साखरेचा त्रास सोडला तर प्रभूच्या कृपेने प्रकृती बरी आहे. तरीही माणूस एक दिवस जाणारच. मी गेल्यावर माझ्या दोन मुलांना निदान एका कामापुरते तरी एकमेकांसमोर उभे राहावे लागेल, अशी सोय करून ठेवावी म्हणून हा कागद करते. वकीलसाहेबांनी नमुना दिला होता. त्यातले 'सदर' आणि 'उपरोक्त' मी जमेल तिथे घातले आहेत. बाकीचे माझ्याच शब्दांत आहे, आणि वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावून त्याला संमती दिली आहे.

कलम १. माझे यजमान कृपादान भिंगारदिवे हे भिंगारला लष्कराच्या भांडारात नागरी कर्मचारी होते. ते १९९२ साली ख्रिस्तवासी झाले. आम्हाला दोन अपत्ये. थोरला रॉबिन चिंचवडला कंपनीत फोरमन आहे. धाकटी आराधना कोल्हारला राहते. तिचे यजमान सम्राट साळवे तिथे शाळेत शिक्षक आहेत. हे दोघेच माझे वारस. दुसरा कोणी दावा सांगत आला तर त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावे.

कलम २. सावेडीचे सदर घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा आणि पुढचे-मागचे आवार, दोघांना निम्मे-निम्मे. त्याला मी कोणतीही अट घालत नाही. घराला अट घातली की भांडण कोर्टात जाते, आणि कोर्टातून घर परत येईपर्यंत त्याची कौले गळू लागतात. विकायचे तर विका, ठेवायचे तर ठेवा. मला राग येणार नाही. आम्ही उभी हयात सरकारी क्वार्टरमध्ये काढली आहे. भिंतीवर जीव कसा लावायचा नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते तसेच निम्मे. दागिने म्हणावेत असे फारसे काही नाही. दोन बांगड्या आराधनाच्या आणि मण्यांची माळ सूनबाई माधुरीची.

कलम ४. शिवणयंत्र माधुरीला द्यावे. आराधनाला वाटेल की लेकीला सोडून सुनेला का? तर माधुरीने लग्नापासून आजवर माझ्याकडे काही मागितले नाही. न मागणाऱ्याचे नाव कागदावर आधी घालावे, असे माझे मत आहे. माझी मोठी कात्री मात्र आराधनाला. लहानपणी ह्याच कात्रीने कागद कापला म्हणून तिने माझा मार खाल्ला आहे. आता कात्री तिचीच. पण कापडाशिवाय दुसरे काही तिने कापू नये. ही अट कायमची आहे.

कलम ५. आमच्या चर्चच्या व्यासपीठाचा जांभळा पडदा मी शिवला. त्या रविवारी आभार मात्र दुसऱ्याच बाईंचे मानण्यात आले. त्या बाईंना मी क्षमा केली आहे, आणि ती खरीच केली आहे. फक्त नोंद म्हणून लिहिते : पडद्याच्या खालच्या दुमडीची आतली बाजू उलटून पाहावी. तिथे त्याच रंगाच्या दोऱ्याने माझे नाव भरलेले आहे.

कलम ६. आता मुख्य मुद्दा. व्हरांड्याच्या उजव्या कोपऱ्यातली अनंताची कुंडी.

वकीलसाहेब म्हणाले, झाडाची किंमत ती काय, त्याला स्वतंत्र कलम कशाला? मी म्हटले, साहेब, तुम्हाला फक्त घराची किंमत कळते. त्यावर ते हसले आणि म्हणाले, लिहा बाई.

भिंगारला साहेबलोकांच्या बदल्या उन्हाळ्यात होत. सामानाच्या ट्रकमध्ये पेट्या, गालिचे, कुत्रीसुद्धा जात. झाडे मात्र मागे राहत. म्हणून ट्रक निघायच्या आदल्या दिवशी बंगल्यांच्या मागच्या दाराला आम्हा नोकरमाणसांची रांग लागे. कोणाला तुळस मिळे, कोणाला शोभेची पाने. ज्या बाईसाहेबांचे पडदे मी शिवत असे, त्यांनी मला हा अनंत दिला. तेव्हा तो तुपाच्या डब्यात होता, गुडघ्याएवढा. रॉबिन माझ्या पोटात होता. एका हातात डबा धरून मी क्वार्टरपर्यंत चालत आले आणि यजमानांची बोलणी खाल्ली.

क्वार्टरमध्ये जमिनीत काही लावायचे नाही, हा आम्हा लोकांचा अलिखित नियम. जमीन सरकारची. आज ह्या ओळीत, उद्या त्या ओळीत. जे लावायचे ते डब्यात, पिंपात, फुटक्या बादलीत. म्हणजे निघताना उचलून नेता येते. अनंत तसाच आमच्याबरोबर चार क्वार्टर फिरला. बाराही महिने हिरवागार, आणि उन्हाळ्यात पांढरे फूल उमलले की शेजारच्या ओळीतल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहत.

कुंडीतल्या झाडाला तीन-चार वर्षांनी माती बदलून द्यावी लागते. नाही तर आत माती कमी आणि मुळ्याच जास्त होतात, पाणी घातले की कडेने वाहून जाते आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. आमच्याकडे हे काम फेब्रुवारीत, थंडी सरल्यावर आणि ऊन चढण्याआधी होई. कामाची वाटणी ठरलेली असे. रॉबिन खोड धरून झाड सरळ ठेवी. आराधना डबा खाली ओढी आणि मुळांचा गड्डा दोन्ही हातांनी सावरी. दोघांचेही हात गुंतलेले. माती टाकण्याचे काम त्यांच्या वडिलांचे. ते मूठ-मूठ माती कडेने सोडत, बोटांनी दाबत आणि तोंडाने म्हणत, "हलू नका रे पोरांनो, झाडाला कळतं." मुले लहान होती तेव्हापासून रॉबिनच्या डोक्यावर टक्कल दिसू लागले तोवर ही रीत चालली.

मध्ये एकदा आम्ही घोडचूक केली. यजमान निवृत्त झाले, सावेडीला हे घर बांधले, आणि सामान लावण्याच्याही आधी त्यांनी काय केले, तर अनंत पिंपातून काढला आणि अंगणात जमिनीत लावला. "जन्मभर डब्यात राहिला, आता त्याला स्वतःची जमीन मिळू दे," म्हणाले. आम्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते. पण इथली जमीन काळी, खाली चुनखडी. पावसात चिकट चिखल, उन्हाळ्यात भेगा. वर्षभरात झाड हळदीसारखे पिवळे पडले. शेवटी १९८९च्या फेब्रुवारीत ते खणून काढले, तांबड्या मातीत आणि कुजलेल्या शेणखतात कुंभाराच्या मोठ्या कुंडीत लावले, तेव्हा कुठे त्याने पुन्हा पान धरले. म्हणून स्पष्ट लिहिते : सदर झाड कोणीही, कितीही प्रेम आले तरी, जमिनीत लावू नये.

तेव्हाही खोड रॉबिनने धरले होते, गड्डा आराधनाने. ती शेवटची वेळ.

पुढच्या वर्षी आराधनाने सम्राटशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते बौद्ध घरातले. मी आणि यजमान हजर होतो. रॉबिन आला नाही. "चर्चमध्ये झालं नाही ते लग्न मी मानत नाही," असे त्याने कळवले. तेवढे आराधनाने सोसले. परंतु १९९२ मध्ये यजमानांना माती देताना सगळे जण ओळीने मूठमाती टाकत होते. सम्राट पुढे झाले तेव्हा रॉबिन त्यांच्या आणि खड्ड्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला. सम्राट मूठ तशीच घेऊन मागे सरले, आणि फाटकाबाहेर जाऊन ती माती त्यांनी रस्त्याच्या कडेला ठेवली, टाकली नाही. आराधनाने हे पाहिले. त्या दिवसापासून बहीण-भावात शब्द नाही. नाताळला एक सकाळी येतो, दुसरी संध्याकाळी येते. मला दोनदा करंज्या वाढाव्या लागतात.

रॉबिन, तू मला प्रिय आहेस. पण त्या दिवशी तू वाईट वागलास. हे मी तुला तोंडावर सांगितले आहे, आता लेखी सांगते.

कलम ७. १९८९नंतर कुंडीतली माती बदललेली नाही. मुळ्या खालच्या भोकातून बाहेर आल्या आहेत. ह्या वर्षी फूल एकही उमलले नाही. माळी बोलावता येतो, हे मला कळते. शेजारच्या कानिफनाथांनीही दहा वेळा सुचवले. आराधना म्हणते, फांद्या लावून दोन रोपे कर, एक त्याला, एक मला. तेही मला कळते. दोन रोपे झाली की दोघांना एकमेकांची गरज उरणार नाही, म्हणूनच ती मी करत नाही.

तरी सदर झाड मी रॉबिन आणि आराधना ह्या दोघांना मिळून, वाटणी न करता देते. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या फेब्रुवारीत दोघांनी सावेडीला यावे आणि झाड नव्या कुंडीत लावावे. नवी कुंडी मी आणली आहे, व्हरांड्यात पालथी ठेवली आहे. जुनीपेक्षा चार बोटेच मोठी आहे, त्याहून मोठी घेऊ नये. आदल्या दिवशी पाणी द्यावे. गड्ड्याच्या बाहेरच्या काळ्या, मेलेल्या मुळ्या कापाव्यात. खोडावर जुन्या मातीची खूण आहे, नवी माती तिच्या वर जाऊ देऊ नये. खोड पुरले की झाड कुजते. नंतर आठवडाभर सावली, आणि महिनाभर खत नाही. रॉबिनने खोड धरावे. आराधनाने गड्डा सावरावा.

माती कोणी टाकायची, ते मी लिहीत नाही. ते तुमचे तुम्ही पाहा.

कलम ८. शेजारी श्री. कानिफनाथ जगताप हे गेली सात वर्षे सदर झाडाची एक फांदी मागत आहेत. "बाई, लई न्हाई, येकच फांदी. हितं माज्या दाराम्होरं लावतो," असे ते दर पावसाळ्यात म्हणतात, आणि मी दर पावसाळ्यात नाही म्हणते. वकीलसाहेबांनी सांगितले की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार सही करतो त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळत नाही, असा कायदा आहे. म्हणून पहिले साक्षीदार मी त्यांनाच केले आहे.

कलम ९. माझे दफन यजमानांच्या शेजारी. भाषणे नकोत. पाळकसाहेबांनी प्रार्थना आटोपशीर करावी, कारण उभ्या माणसांचे पाय दुखतात. दगडावर नाव आणि साल पुरे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून कायम केले.

सावेडी, अहमदनगर. दिनांक १९ नोव्हेंबर १९९५.
सही : दया कृपादान भिंगारदिवे

साक्षीदार :
१. कानिफनाथ जगताप. (कलम ८ वाचले. तरी सही करतो.)
२. साळूबाई वाघचौरे, सेवानिवृत्त परिचारिका.

पुरवणी

मी, वर सही केलेली दया भिंगारदिवे, अजून जिवंत आहे. तीन महिन्यांत वर लिहिलेल्यापैकी काही कलमे जुनी झाली, म्हणून ही पुरवणी जोडावी लागते.

झाडाने माझ्या मरणाची वाट पाहिली नाही. गेल्या गुरुवारी सकाळी व्हरांड्यात गेले तर कुंडीला वरपासून खालपर्यंत तडा, आणि तड्यातून मुळ्या बाहेर डोकावताहेत. कानिफनाथ गल्लीभर सांगतात की बाईंनीच वरवंटा घातला. हे खोटे आहे. मला वरवंटा उचलत नाही.

कोपऱ्यावरच्या फोनवरून मी दोघांनाही एकच निरोप दिला : कुंडी फुटली, रविवारी या. दुसऱ्याला बोलावले आहे हे दोघांनाही सांगितले नाही. कोणी विचारले असते तर सांगितले असते. पण कोणी विचारले नाही.

रॉबिन उपासना संपल्यावर आला आणि बाही वर करून कुंडीपाशी बसला. तासाभराने फाटकाशी रिक्षा थांबली. आराधना उतरली, मागून सम्राट उतरले. त्यांच्याजवळ पोते होते. अकोले तालुक्यात त्यांचे आजोळ आहे; तिथली तांबडी माती घेऊन आधी कोल्हार आणि मग नगर, असा एसटीने प्रवास करून ते आले होते. पोते त्यांनी फाटकाच्या आत टेकवले आणि स्वतः बाहेर, रिक्षा गेली त्या जागी उभे राहिले. रॉबिनने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. आराधनाने पदर खोचला. मी खुर्चीत बसून होते. मी काही बोलणार नाही, असे मी ठरवले होते. मला ते फार जड गेले.

कुंडीचे तुकडे आराधनाने काढले. मुळ्या कापायला काही सापडेना, तेव्हा ती आत गेली आणि माझी मोठी कात्री घेऊन आली. माझ्याकडे बघत बघत तिने त्या कात्रीने मुळ्या कापल्या. मी गप्प राहिले, हे कानिफनाथांनी पाहिले आहे.

बहीण-भावाचे चार वर्षांतले पहिले बोलणे मी जसेच्या तसे लिहून ठेवते.

"धर की नीट."

"धरलंय."

"डावीकडं कलतंय."

"तू गड्डा हलवतीयस म्हणून."

"मी न्हाई हलवत. तूच ओढतोयस."

"बरं. आता?"

"आता सरळ हाय."

दोघेही भिंगारच्या क्वार्टरमधले बोलत होते. रॉबिन चिंचवडला असे बोलत नाही.

झाड नव्या कुंडीत सरळ उभे राहिले. रॉबिनचे दोन्ही हात खोडाला, आराधनाचे दोन्ही हात आत गड्ड्याखाली. सोडले तर झाड आडवे. आणि पोते फाटकाशी. बराच वेळ कोणी हलेना. तेवढ्यात कुंपणापलीकडून कानिफनाथ घमेले घेऊन आले. "बाई, म्या टाकतो माती," म्हणाले. मी म्हटले, "कानिफनाथ, तुम्ही बसा." ते बसले. घमेले मांडीवर घेऊन बसले.

रॉबिनचे दंड भरून आले. त्याचे वय आता अडतीस आहे आणि झाडही आता गुडघ्याएवढे राहिलेले नाही. आराधनाने त्याच्या हातांकडे पाहिले, मग तोंडाकडे पाहिले. मग मान वर न करता, खोडाकडेच बघत तो म्हणाला,

"दाजी, माती टाका."

सहा वर्षांत त्याने सम्राटना कोणत्याच नात्याने हाक मारली नव्हती.

सम्राट आत आले. फाटकाशी चपला काढल्या. पोते उचलून आणले. घमेले त्यांनी घेतले नाही. खाली बसून त्यांनी पहिली मूठ भरली आणि कडेने सोडली. मग दुसरी. बोटांनी दाबत गेले, खोडावरच्या खुणेपाशी थांबले. ही रीत त्यांना कोणी सांगितली, मला ठाऊक नाही. आराधनाने सांगितली असेल. मला रडू आले. मृत्युपत्रात हे लिहायची गरज नाही, पण खरे आहे म्हणून लिहिते.

नंतर रॉबिनने बादलीतून सम्राटच्या हातांवर पाणी घातले. जेवण तिघांनी एका पंगतीत केले. बोलणे फारसे झाले नाही. जे झाले ते खताबद्दल झाले. आराधना म्हणाली, महिनाभर खत घालायचे नाही. रॉबिन म्हणाला, मला ठाऊक आहे. एवढ्यावरून सगळे मिटले असे मी समजत नाही. झाडसुद्धा जगेल की नाही, ते महिन्याभराने कळेल.

सबब मूळ मृत्युपत्रात पुढील फेरफार करते.

कलम ४ मधील कात्रीची अट मागे घेतली आहे. कात्रीची धार गेली आहे.

कलम ७ रद्द. त्यातले काम मी जिवंत असताना झाले. त्याऐवजी : सदर झाडाची माती दर तीन वर्षांनी फेब्रुवारीत बदलावी. रॉबिनने खोड धरावे, आराधनाने गड्डा सावरावा, माती सम्राट साळवे यांनी टाकावी. पुढची वेळ १९९९. मी असेन तर खुर्ची माझी.

कलम ८ कायम. मात्र रविवारी मुळ्यांबरोबर वरच्या फांद्याही थोड्या छाटल्या, त्यांपैकी दोन मी कानिफनाथांना त्याच दिवशी दिल्या. त्या मृत्युपत्राने दिलेल्या नाहीत, हाताने दिल्या आहेत. तेव्हा कायद्याची अडचण येऊ नये.

कलम ९ मध्ये एवढीच भर. मला माती देण्याच्या वेळी ओळ लागेल. तेव्हा, रॉबिन, तू खड्ड्याच्या कडेला बाजूला उभा राहा आणि रविवारी म्हणालास तेच तीन शब्द पुन्हा म्हण.

सावेडी, अहमदनगर. दिनांक २० फेब्रुवारी १९९६.
सही : दया कृपादान भिंगारदिवे

साक्षीदार :
१. कानिफनाथ जगताप
२. साळूबाई वाघचौरे